पाणी चिऊला, गाळ मला

बाळसं माणसाला आयुष्यात एकदाच येतं. मला दोनदा आलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी आठवीत होते, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून शाळेत जात होते, आणि ते बाळसं माझं नव्हतंच. ते माझ्या भाचीचं होतं. टपालवाल्याने शेजारच्या घरचं पाकीट आपल्या दारात टाकून जावं तसं ते चुकून माझ्या अंगावर आलं, आणि पाकिटावर नाव दुसऱ्याचं आहे हे बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आमचं घर गंगापूर रोडला. आज तिथे कॉफी प्यायलाही रांग लावावी लागते, पण तेव्हा आमच्या मागच्या भिंतीपलीकडे कोबीचं शेत होतं आणि पत्ता सांगताना नाना तेच सांगायचे, ‘कोबीच्या शेताला लागून.’ कोबी निघाली की पाहुणे चुकायचे. नाना म्हणजे माझे वडील. निफाडची द्राक्षबाग धाकट्या काकांच्या हवाली करून त्यांनी नाशकात शेतीच्या औषधांचं दुकान टाकलं आणि आम्ही शहरवासी झालो. आई मात्र आली ती बोलणं, मापं आणि आवाज निफाडचाच घेऊन. बागेच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे ती घरात हळू बोलली तरी समोरच्या बंगल्यातले लोक खिडकीत यायचे. सकाळी आमच्या घरात आवाजांची ठरलेली वरात असे: आधी कुकरच्या शिट्ट्या, मग दादाची स्कूटर सातपूरला कारखान्यात निघाल्याची फटफट, मग आईच्या शिलाई मशीनची घरघर, आणि या सगळ्याखाली नानांच्या झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर. नाना त्या कड्यांना तेल घालू देत नसत. म्हणायचे, घरात कुणीतरी माझ्या बाजूने बोलायला हवं.

या आवाजात वहिनी आली ती इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधून. लहानपणापासून डोक्याजवळून गाड्या गेलेल्या, त्यामुळे आमच्याकडे पहिले काही महिने तिला शांततेने झोप येत नसे. आमच्या घरात शांतता आहे असं म्हणणारी ती आजवरची एकमेव व्यक्ती. मला ती ‘वन्सं’ म्हणायची, आणि अहो-जाहो करायची. वर्गात बाकाखाली चिंचा खाणाऱ्या मुलीला घरी कुणी अहो म्हणतं याचा मला इतका अभिमान होता की मी मैत्रिणींना मुद्दाम घरी आणून ते ऐकवत असे.

मग चिऊ झाली. माहेरचं बाळंतपण उरकून वहिनी परत आली तेव्हा चिऊ गुबगुबीत होती, आणि आईने वहिनीला खाऊ घालायचा असा सपाटा लावला की विचारू नका. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी. ‘खा गं, पोरीला दूध यायला पायजे.’ वहिनी निमूट खायची. आई सासू म्हणून कडक होती, पण हात आखडता घेणारी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत ती थोडी खलनायिकेसारखी दिसेल आणि तशी ती मुळीच नव्हती. खलनायिका व्हायला फुरसत लागते.

चिऊच्या उष्टावणाला मात्र घोटाळा झाला. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामाने द्यायचा. सोन्याची अंगठी खिरीत बुडवायची, ती बाळाच्या जिभेला लावायची, झालं. वहिनीचा भाऊ शरद रेल्वेत होता, उंचापुरा, उत्साही, आणि भाचीवर जीव टाकणारा. खिरीसाठी तांदूळसुद्धा त्याने इगतपुरीहून स्वतःच्या खांद्यावरून आणला होता. त्याने अंगठी बुडवली, चिऊच्या जिभेला लावली. चिऊने जीभ फिरवली आणि तोंड उघडं ठेवलं. ‘अरे, हिला भूक आहे! अंगठीने काय होतंय?’ असं म्हणून मामाने सरळ चमचाभर खीर, शितांसकट, तिच्या तोंडात घातली.

चिऊला ठसका लागला. लाल झाली, डोळे मोठे केले, आवाज फुटेना. आईने तिला झडप घालून मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीवर थापा मारल्या. सगळ्यांचे चेहरे पांढरे. मग चिऊ शिंकली, नाकातून एक शीत बाहेर आलं, आणि तिने असा टाहो फोडला की कोबीच्या शेतातला माणूस भिंतीवरून डोकावला. बरं झालं होतं सगळं, पण शरदमामाचं काही बरं राहिलं नाही. आई नुसती वहिनीकडे बघत राहिली. मामा बिचारा जेवण न करता दुपारच्या गाडीने गेला आणि पुढे कित्येक महिने आमच्याकडे फिरकला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात गाळण्याचं राज्य सुरू झालं. आईच्या जुन्या मलमलच्या साडीचे चौकोन कापले गेले. मुगाची डाळ शिजवायची, फडक्यात ओतायची, पिळायची, खाली आलेलं पाणी चिऊला. भाताची पेज, तीही गाळून. सफरचंद उकडायचं, पिळायचं, पाणी चिऊला. गाजराचं तेच. निफाडहून काकांनी पाठवलेल्या मनुका रात्रभर भिजत घालायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, पाणी चिऊला. नाचणीचं सत्त्वही करायचं, पण त्याची लापशी अशी की वाटीच्या तळाची नक्षी वरून दिसायची. आई चमचा उंच धरून उजेडात बघायची आणि त्यातून पलीकडचा झोपाळा दिसला तरच तो चिऊच्या तोंडाकडे जायचा. वहिनी एकदाच म्हणाली, ‘आई, थोडं घट्ट देऊया का?’ आई म्हणाली, ‘तुझ्या भावानं दिलं व्हतं घट्ट.’ झालं. त्यानंतर वहिनीला स्वतःच्या मुलीच्या वाटीबद्दल बोलायला जागाच राहिली नाही.

आता फडक्यात जे उरायचं त्याचं काय? आईच्या घरात शिजलेलं टाकून देणं हा गुन्हा होता. मी शाळेतून साडेपाचला यायची, भुकेने कावलेली. आई तो डाळीचा गोळा घ्यायची, त्यावर लोणकढं तूप, किंचित गूळ, कधी मीठ-जिरं, आणि माझ्यापुढे ठेवायची. सफरचंदाचा गर साखर घालून. गाजराचा दुधात आटवून. मनुकांचा चोथा तर मी नुसताच हाताने. मी एवढं सुग्रास खाणं नंतर माझ्या स्वतःच्या माहेरपणातही खाल्लं नाही. हल्ली माझी डाएटवाली मला रोज सांगते की चोथा पोटात गेला पाहिजे, आणि त्याचा डबा विकत घ्यायला लावते. मी तो भुसा पाण्यात ढवळत असते आणि मनात म्हणते, बाई, हेच मला तुपातून मिळत होतं तेव्हा तू कुठे होतीस?

उन्हाळा सरत आला तसं चिऊचं गुबगुबीतपण ओसरलं. मांड्यांच्या वळ्या गेल्या. ती दिवसभर किरकिर करायची, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर, आणि सगळे म्हणायचे, स्वभावच किरकिरा आहे पोरीचा, वहिनीच्या माहेरी कुणीतरी असेल तसं. डॉक्टरांनी वजन बघून भुवई उचलली. ‘वरचं खाणं सुरू केलंय ना?’ आई तर वाटच बघत होती. ‘म्हंजे काय! डाळ देतो, तांदूळ देतो, सफरचंद, गाजर, मनुका, नाचणी, काय म्हणाल ते!’ डॉक्टर खूश. एवढं सगळं खाणाऱ्या बाळाचं वजन का वाढत नाही म्हणून त्यांनी भूक लागायचं औषध लिहून दिलं. फडक्याचा विषय कुणी काढलाच नाही, कारण फडकं हा आमच्यासाठी विषयच नव्हता. विळी, पोळपाट, तसं फडकं.

औषधाने भूक वाढली आणि किरकिरही. मग घरात ते वाक्य आलं. कुणी आधी म्हटलं आठवत नाही, पण आईने उचलून धरलं: ‘हिचंच दूध पातळ पडतंय.’ एकदा ते वाक्य आलं आणि ते घरात पाहुण्यासारखं राहायलाच आलं. चिऊ रडली की दूध पातळ. चिऊ झोपली नाही की दूध पातळ. शेजारच्या काकूंनी डब्याच्या पावडरीचं नाव सुचवलं. ठरलं की अंगावरचं बंद करायचं आणि बाटली सुरू करायची, सोमवारी नाना येताना डबा आणतील. वहिनीने ऐकलं, मान हलवली आणि आत निघून गेली. मी तिच्यामागे खोलीत गेले तर ती चिऊला पाजत बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘वन्सं, सगळं दिलं मी हिला. खरंच सगळं दिलं.’ मी तिच्यासमोर माझ्या वाटीतला गाजराचा आटवलेला गोळा धरला. तिने तो घेतला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत गोळ्याकडे. मला वाटलं तिला आवडत नसेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. दुपारी आईने मला मशीनजवळ उभं केलं. शाळेच्या स्कर्टचा हूक लागत नव्हता.

‘हलू नको. पोट आत घे. अगं आत घे म्हणते, बाहेर काय सोडतीस!’

‘घेतलंय गं.’

‘घेतलंय तर मग हे काय हाय?’ आईने हूक आणि काजाच्या मधल्या मैदानावरून बोट फिरवलं. ‘मागल्या महिन्यात तर सोडलं व्हतं मी हे. सोडायला कापड नाय राह्यलं आता. खाती काय तू एवढं?’

वहिनी जवळच बसून चिऊला झबलं घालत होती. बारशाला आईनेच शिवलेलं, वाढत्या अंगाचं म्हणून ऐसपैस. ते अजून चिऊच्या खांद्यावरून घसरत होतं.

‘चिऊचं,’ वहिनी म्हणाली.

‘काय?’

‘वन्सं चिऊचं खातात, आई.’

मशीनचं चाक थांबलं. झोपाळाही थांबला, म्हणजे नाना ऐकत होते.

‘म्हंजे? मी नातीच्या तोंडचं काढून लेकीला घालते म्हणतीस?’

‘तसं नाही हो.’ वहिनीने घसरलेलं झबलं चिऊच्या खांद्यावर सारखं केलं. ‘डाळ आपण चिऊसाठी शिजवतो. पाणी चिऊला. डाळ कुठे जाते?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘सफरचंद चिऊसाठी उकडतो. पाणी चिऊला. सफरचंद कुठे जातं?’

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून पोट आत धरूनच उभी होते.

‘आणि मनुका...’

‘कळलं, कळलं,’ मी म्हटलं.

झोपाळ्यावरून नाना फसकन हसले. ‘माल एकाच्या नावावर, आणि गोडाऊन भरतंय दुसरंच!’

‘तुम्ही गप बसा हो,’ आई म्हणाली. ‘सत्त्व सगळं पाण्यात उतरतं. वर राहतो तो निस्ता गाळ.’

‘मग गाळ खाऊन वन्सं अशा झाल्या?’ वहिनी म्हणाली.

याचं उत्तर आईसमोर हूक न लागलेल्या स्कर्टात उभं होतं. पण तिने दुसरीकडून धरलं. ‘आणि ठसका? त्या दिवशी बघितलंस ना? जीव चालला व्हता पोरीचा माझ्या मांडीवर. तू रडत बसली व्हतीस, पाठीवर मी थापटलं.’ हे बोलताना तिचाच आवाज बसला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आई एवढे दिवस डाळ गाळत नव्हती, ती भीती गाळत होती, आणि ती काही केल्या फडक्यात राहत नव्हती.

वहिनी उठून आईजवळ आली. ‘आई, अंगावरचं एकदा बंद झालं की सहज परत येत नाही. डबा सोमवारी येणार. उद्या एक दिवस मला द्या. उद्या वन्संना चिऊचं द्या. चिऊ पिते तेच, मोठ्या पोटाला पुरेल एवढं. संध्याकाळपर्यंत वन्सं नीट राहिल्या तर बाटली मी स्वतः उकळते.’

माझं मत कुणी विचारलं नाही. अहो-जाहो करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं.

तो रविवार होता, हे लक्षात घ्या. रविवारी सकाळी नाशकात काय खातात हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. दादा मिसळीचं पार्सल घेऊन आला, तर्री पिशवीतून लाल चमकत होती, आणि माझ्यासमोर तांब्याभर मुगाच्या डाळीचं पाणी. प्यायले. पोट टम्म झालं. मी मोठ्या डौलात जाहीर केलं की काही त्रास नाही, उलट हलकं वाटतंय. तासाभरात दोनदा परसात जाऊन आले आणि हलकं वाटणं जरा जास्तच झालं. मग सफरचंदाचं पाणी. मग पेज. दुपारी आईने काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं. तो वास आमच्या घरातून निघाला की गंगापूर रोडवरची कुत्री पत्ता न विचारता यायची. मला मनुकांचं पाणी मिळालं. दादा माझ्यासमोर नळी फोडत म्हणाला, ‘छबू, सत्त्व घे गं सत्त्व.’ मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.

दुपारी मी आणि चिऊ एकाच चटईवर होतो. चिऊ किरकिरत होती. मीही किरकिरत होते. कुणी नुसतं नाव घेतलं तरी मला रडू येत होतं. नाना म्हणाले, चल, सोंगट्या खेळू, तर मी सोंगट्या फेकून दिल्या. माझा स्वभाव तसा गरीब हो, विचारा कुणालाही.

उन्हं उतरली तेव्हा मी मागच्या दारी पायरीवर बसून कोबीच्या शेताकडे बघत होते. कच्ची कोबी गोड लागते असं ऐकलं होतं आणि भिंत फार उंच नव्हती. आई येऊन शेजारी बसली.

‘काय गं? एवढे तांबे रिचवलेस. पोट नाय भरलं?’

‘भरलंय गं आई,’ मी म्हटलं आणि मला हुंदकाच आला. ‘गच्च भरलंय. पण भूक लागलीय.’

आतून चिऊची किरकिर ऐकू येत होती, वहिनी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. आई ऐकत राहिली. तो आवाज आम्ही कित्येक आठवडे ऐकत होतो, पण ती त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी बसली होती.

‘हिला निदान सांगता तरी आलं,’ ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठली.

आधी तिने मला ताट वाढलं. भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा. मी कसं खाल्लं त्याचं वर्णन नको. मग तिने मूगडाळ-तांदळाचा आसट भात केला, पार मऊ, त्यात तूप घातलं, आणि वाटीत घेऊन बोटांनी कुस्करत बसली. कुस्करत राहिली, कुस्करत राहिली. शीत राहिलं नव्हतं, पण पाणीही नव्हतं. वाटी वाकडी केली तर घास जागचा हलला नाही.

‘घे,’ तिने वाटी वहिनीपुढे धरली. ‘तूच दे. मला बघवायचं नाय.’ आणि ती खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसली.

वहिनीने चिऊला मांडीवर ताठ बसवलं. बोटाच्या टोकावर इवलासा घास घेतला आणि तिच्या ओठांना लावला. चिऊने जीभ बाहेर काढून तो जवळजवळ परत दिला, मग विचार बदलला आणि आत ओढला. तोंड वेडंवाकडं केलं. आणि ठसकली.

नाना झोपाळ्यावरून उठले. दादा दारात आला. आईचे खांदे ताठ झाले, पण ती वळली नाही. वहिनीने एक हात वर केला, आम्हाला थांबवायला, आणि दुसऱ्या हाताने चिऊला किंचित पुढे झुकवून धरलं. थोपटलं नाही, उचललं नाही, नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चिऊ खोकली. पुन्हा खोकली. आवाज येत होता, छान मोठा, घरच्या परंपरेला शोभेल असा. मग तिने घास गोळा केला, गालात फिरवला, आणि आम्हाला सगळ्यांना तिचा गळा हललेला दिसला.

‘गिळलं का?’ आईने भिंतीला विचारलं.

‘गिळलं, आई.’

चिऊने तोंड उघडलं. वहिनीने दुसरा घास दिला.

‘आता?’

‘गिळलं.’

‘आता?’

‘वळून बघा की तुम्हीच,’ वहिनी म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

आई हळूहळू वळली. चिऊचं तोंड उघडंच होतं, आणि वाटी उशिरा येते म्हणून ती वहिनीच्या मनगटावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. आईने एक घास बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याला ती सरकून जवळ आली. चौथ्याला तिच्या कपाळावर आठी पडली.

‘एवढुसा?’ ती म्हणाली. ‘जरा मोठा दे की गं. पोरगी केव्हाची तोंड उघडून बसलीय.’